चांदणशेपट्याला खास परवानगी

विश्वास ठेवू नका. मी सांगतोय म्हणून तर मुळीच ठेवू नका. पण ज्या चांदणशेपट्यासाठी पोरं दोन-दोन वर्षं टीव्हीसमोर ताटकळतात, तो मी चार दिवसांत बागेत वस्तीला आणला!

बाग आमच्या नातीची. जमिनीत नव्हे, टीव्हीत. व्हिडिओ गेम आहे तो. झाडं लावायची, तळं खोदायचं, आणि जागा पसंत पडली की चित्रविचित्र प्राणी राहायला येतात. हवा भरल्यासारखी गोल डुकरं, छत्री घेऊन हिंडणारे बेडूक, मिशीवाली फुलपाखरं, सगळे तिच्याकडे नांदत होते. चांदणशेपट्या तेवढा यायचं नाव घेईना. रविवारी संध्याकाळपर्यंत तो आला तरच बाग गेमवाल्यांच्या स्पर्धेत धरणार होते, आणि गुरुवारी सकाळीच पोरीला शाळेच्या शिबिराला जायचं होतं. रडवेल्या चेहऱ्यानं तिनं रिमोट माझ्या हाती दिला.

"आबा, फक्त पाणी घाला. बाकी कशाला हात लावू नका."

बत्तीस वर्षं सार्वजनिक उद्यानाचा मुकादम होतो मी. नुसता खाकरलो तरी गुलाब सावधान उभे राहायचे. आणि मला म्हणे हात लावू नका!

दुपारपर्यंत मी कुंपण छाटलं, रानगवत उपटलं. मग शोध लागला की या बागेत पाट्याही लावता येतात. झालं. हात आपोआप चालले. 'हिरवळीवर चालू नये.' 'फुलांस हात लावू नये.' 'बाग सहा वाजता बंद होईल.' अशा अकरा पाट्या ठोकल्या.

आता हे प्राणी निघाले साक्षर, वर सभ्य. एकेकानं पाटी वाचली. बेडकांनी छत्र्या मिटल्या, डुकरांनी रांग धरली, आणि सहाच्या ठोक्याला अख्खी बाग फाटकाबाहेर! शेवटच्या फुलपाखरानं जाताना फाटकाची कडीसुद्धा लावली.

आमची ही म्हणाली, पाट्या काढा. मी म्हटलं, बत्तीस वर्षांत माझी एक पाटी खाली आलेली नाही. शुक्रवारी जुना गणवेश चढवून टीव्हीसमोर शिट्टी फुंकली. प्राणी एक आला नाही. वरच्या मजल्यावरचे दोघं मात्र काय झालं म्हणून धावत खाली आले. शनिवार नुसत्या येरझाऱ्यांत गेला. पोर परत आल्यावर तिला तोंड काय दाखवायचं, या विचारानं जेवणही जाईना.

रविवारी दुपारी डोकं चाललं. बारावी पाटी लिहिली, सर्वांत मोठी: 'चांदणशेपट्यास चालण्याची खास परवानगी आहे. हुकमावरून, मुकादम.'

पाटी उभी राहते न राहते तोच झुडपात उजेड पडला! चांदणशेपट्या आला, पाटी दोनदा वाचली, मला लवून नमस्कार केला. शेपटीचा लखलखाट असा, की आमच्या दिवाणखान्यातला दिवा लाजून मालवला. मग तो पार काचेपाशी आला, मी बिस्किट पुढे केलं, ते त्यानं अदबीनं आतून घेतलं आणि तळ्याकाठी घरटं मांडलं. त्याच्या मागोमाग बाकीचे सगळे वाजतगाजत परत!

संध्याकाळी नात आली ती सहा मैत्रिणींना घेऊन. बाग स्पर्धेत धरली होती, पहिल्या दहांत झळकतही होती. पोरीनं माझ्या गळ्यात उडीच घेतली. मग सातही जणी माझ्याभोवती कोंडाळं करून बसल्या आणि मी त्यांना हे सगळं, आता तुम्हाला सांगितलं तसंच, साग्रसंगीत सांगितलं. बिस्किटापाशी तर दोघींनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात ही हात पुसत दारात आली.

"अहो, रविवारी दुपारभर तुम्ही दाढ काढायला दवाखान्यात आ वासून बसला होतात. पाट्या मी उपटल्या, गवत मी लावलं, आणि तो आला तेव्हा रिमोट माझ्या हातात होता."