टेरेन्स हॉपवुडची हरण्याची हमी

निवडणूक हरण्यात टेरेन्स हॉपवुडचा हात धरणारा अख्ख्या शहरात कोणी नव्हता! त्याचा पक्ष मिलक्रॉफ्ट वॉर्डात चाळीस वर्षांत निवडून आला नव्हता. पण मतपत्रिकेवर नाव तर हवं! म्हणून पक्षाची ब्रेंडा फॉर्म घेऊन दारात उभी.

"नुसती सही कर रे. तू निवडून आलास तर नावाची ब्रेंडा नाही मी!"

आतून त्याची बायको मॉरीन कडाडली, "निकालाच्या दुसऱ्या दिवशी आपली बोट सुटतेय! चार महिने कालव्यांवर भटकायचंय. तीस वर्षं वाट बघितलीय मी. कौन्सिलर झालास तर मी एकटी जाईन. कुत्र्याला घेऊन!"

"अगं, मी? आणि निवडून?"

सही.

मग हरण्याची मेहनत. पत्रक? एकही नाही. प्रचार? छे!

इथंच चुकलं.

"हॉपवुड तुम्हीच ना?" दुकानाबाहेर मिसेस प्लमरिजनी त्याला गाठलं. "त्या कौन्सिलर रॉडनी फेलची सात पत्रकं आली दारातून. सात! माझं मांजर घसरलं त्यांच्यावरून. तुमचं एकही नाही. माणसाला सुखानं चहा पिऊ देणारा उमेदवार आहे म्हणायचा!"

"अहो, पण मी काही कामच करणार नाही."

"बघा! खरं तरी बोलता!"

हे वाक्य वॉर्डभर सर्दीसारखं पसरलं.

टेरेन्स हादरला. घाईघाईनं बूट चढवून स्वतःच दारोदार निघाला. "फेलना मत द्या हो. बावीस वर्षांचा अनुभव आहे त्यांना!"

"विरोधकाचं कौतुक! केवढं मोठं मन!"

पुढचं दार. तेच. पुढचं. चहा. त्याच्या पुढचं. चहा आणि केक! पळावं तर पोट जड.

ब्रेंडाचा फोन. "काय चाललंय तुझं? लोक तुझं नाव घेतायत!"

"तेच थांबवतोय!"

"मग तुझं ते थांबवणं आधी थांबव!"

गुरुवारी मतदान. शुक्रवारी सकाळी बॅडमिंटनच्या हॉलमध्ये मोजणी.

फेल: ६१२.
हॉपवुड: ६११.

टेरेन्सनं फेलला मिठीच मारली! मॉरीननं कुत्र्याचा मुका घेतला.

"फेरमोजणी!" ब्रेंडा गरजली. चाळीस वर्षांची भूक होती ती.

"ब्रेंडा, तुझ्या पाया पडतो!"

"गप्प बस. तू फक्त उमेदवार आहेस!"

रबरबँड सुटले. गठ्ठे उलटले. फेलच्या गठ्ठ्यात हॉपवुडचं एक मत चुकून गेलेलं निघालं.

फेल: ६११.
हॉपवुड: ६१२.

फेलनं पुन्हा मोजायला लावलं. टेरेन्स मनात त्याच्या बाजूनं प्रार्थना करत राहिला. आकडा हलला नाही.

"एका मतानं!" मॉरीनचा आवाज छताला जाऊन आपटला. "मी फेलला मत दिलं. शेजारच्या दोघांना बजावून फेलला द्यायला लावलं. मग कोण हा दीडशहाणा? सापडू दे मला, कालव्यातच बुडवते!"

टेरेन्स बॅडमिंटनचं जाळं निरखू लागला. काल मतदानाच्या आडोशामागे, दोरीला बांधलेली पेन्सिल हातात आली, तेव्हा छापलेलं आपलं नाव त्याला फार एकटं दिसलं होतं. एका मतानं काय होतंय, म्हणून त्यानं नावापुढे मताची फुली मारली होती. ठळक!

"हो ना," तो म्हणाला, "कोण असेल गं?"