मलकपेठेतलं शिळं पाणी

भाषेप्रमाणे राज्याची वाटणी व्हायला जेमतेम महिना उरला होता. मराठी नोकरदारांच्या औरंगाबादला बदल्या होणार, हे ठरल्यात जमा होतं. पाणीयोजनेच्या कचेरीतले कारकून हिम्मतराव यांचा जीव टांगणीला लागला होता, कारण जयवंताबाईंनी नवऱ्याला बजावून ठेवलं होतं, "मलकपेठ सोडून मी कुठ्ठं जायची नाही!"

अशात वरिष्ठ अप्पारावांनी हिम्मतरावांना बोलावलं. "गरीब मुलकांना पाणी कसं पुरवायचं, त्याची योजना करायला परदेशी साहेब आलाय. त्याला एक साधं घर दिखाना है. तुमचंच दाखवू. साहेब खूश, तर तुमची बदली कॅन्सल!"

टंचाई दिसू नये म्हणून त्या दिवशी भर दुपारी नळ सोडायचा हुकूम निघाला. गल्लीत कुणाला कळवायचं मात्र एवढ्या हुशार कचेरीत एकालाही सुचलं नाही. एरवी नळ पहाटे यायचा, आणि नवं पाणी आलं की आधीचं शिळं, हा बायकांचा शिरस्ता. मग ते सकाळीच का भरलेलं असेना!

दुपारी नळ फुरफुरताच जयवंताबाईंनी हंडे, घागरी, घंगाळ सगळं गल्लीत ओतलं. ते पाहून शेजारच्या सत्यवतींनी ओतलं. मग अख्ख्या गल्लीनं ओतलं आणि साऱ्यांनी एकदम तोट्या सोडल्या. नळांनी चार थेंब गाळले आणि मान टाकली.

साहेबाची मोटार गल्लीच्या तोंडाशीच चिखलात रुतली. गुडघ्यापर्यंत माखलेल्या साहेबानं पाय धुवायला पाणी मागितलं. घरात सगळी भांडी पालथी.

"ये क्या तमाशा है?" अप्पाराव गुरगुरले.

जयवंताबाई पदर खोचून पुढे आल्या. "तमाशा तुमचा! भर दुपारी नळ कैकू सोडला? आम्ही शिळं पाणी प्यावं काय? दुनियेच्या पाण्याची योजना करतेत, आन् घरच्या बाईला इचारताना जीभ झडते व्हय?"

साहेबानं कुतूहलानं पाहिलं. अप्पाराव हिम्मतरावांच्या कानात कुजबुजले, "बाई स्वागत करतेय, असं सांगा."

हिम्मतरावांनी आजवर वरिष्ठांचा शब्द खाली पडू दिला नव्हता. पण बायकोचं काही चुकलं नव्हतं, आणि ते त्यांना मनापासून पटलं होतं. त्यांनी सगळं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं, झडलेल्या जिभेसकट.

साहेब पालथ्या घंगाळावरच बसला. नळ कधी येतो, पाणी शिळं कधी होतं, सगळं बाईंनाच विचारत राहिला आणि हसत हसत गेला.

आठवड्याभरात हुकूम आला: औरंगाबाद.

"पण साहेब खूश होता ना?" हिम्मतराव अप्पारावांपुढे कळवळले.

"बहुत खूश! म्हणूनच तर. जिथं पाण्याची जास्त मारामार, तिथं असाच खरं बोलणारा आदमी पाहिजे, म्हणाला."

घरी येऊन त्यांनी खालमानेनं बातमी सांगितली. जयवंताबाईंनी चूल विझवली आणि चपला चढवल्या.

"कुठं उतरलाय त्यो साहेब?"

"सिकंदराबादला. पण अगं..."

"चला. मी बोलते. तुम्ही अक्षर न गाळता सांगायचं."

हिम्मतरावांनी टोपी घातली. अक्षर गाळणं तर सोडाच, आज पदरचीही दोन घालायची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.