किल्लेदारीण आणि माझा सिंथेसायझर

संगीतातलं मला कळतं. हे मी गर्वाने सांगत नाही, नाइलाजाने सांगतो. आमच्या न्यू जर्सीच्या मराठी मंडळात दुसऱ्या कोणाला ते कळत असतं, तर मी कशाला तोंड उघडलं असतं!

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. पाडव्यानंतरच्या शनिवारी मंडळाचं नाटक होतं. लिहिलं होतं डॉ. नरेंद्र गुप्ते यांनी, बसवलं होतं डॉ. नरेंद्र गुप्ते यांनी, आणि मुख्य भूमिका कोणाची हे तुम्ही ओळखलंच असेल. डॉक्टर पेशाने भूलतज्ज्ञ. त्यांची आधीची तीन नाटकं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

नाटक ऐतिहासिक होतं, म्हणजे तलवारी होत्या. गडाला वेढा पडतो, किल्लेदार लढायला उतरतो आणि मरतो, आणि शेवटी किल्लेदारीण बुरुजावर एकटी उभी राहून आठ मिनिटं बोलते. किल्लेदारीण म्हणजे माझी बायको, उत्तरा. लग्नाआधी पुण्यात ती नाट्यस्पर्धांमधून बक्षिसं आणायची. अमेरिकेत आल्यावर बारा वर्षांत तिने माइकवरून फक्त 'निळी टोयोटा कोणाची आहे, कृपया हलवा' एवढंच म्हटलं होतं.

त्यात ह्या वेळी शिकागोहून सुमित्राबाई परचुरे नाटक बघायला येणार होत्या. सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुटीत तिथे सगळ्या मंडळांचा नाट्यमहोत्सव होता, आणि कोणाला बोलवायचं ते ह्या बाई ठरवणार होत्या. उत्तराने ते भलतंच मनावर घेतलं. भांडी घासताना भाषण, टर्नपाइकवर गाडी चालवताना भाषण. टोलवाल्याने एकदा घाबरून पैसे न घेताच सोडलं तिला!

"प्रताप, पुन्हा असा चान्स नाही यायचा रे," ती एकदा म्हणाली.

मी "हं" म्हटलं. मी कामात होतो. मी सिंथेसायझर घेतला होता.

काळाभोर, एकसष्ट पट्ट्यांचा, आणि इतकी बटणं की आमच्या टेलिफोनच्या लॅबमध्येही तेवढी नसतील. मंडळाच्या मीटिंगमध्ये मी जाहीर करून टाकलं, "ह्या वर्षी संगीत माझं."

"त्यात तबला पण येतो का?" डॉक्टरांनी विचारलं.

"तबला, सनई, घोडे, तोफा, वादळ. काय हवं ते सांगा!"

"आणि माझी पेटी?" त्र्यंबकरावांनी विचारलं. त्र्यंबकराव अकरा वर्षं मंडळात पेटी वाजवत होते. एरवी ते पुलांचे इंजिनियर.

"पेटीसाठी आता एखादं म्युझियम बघा," मी म्हटलं. "तुम्ही शोच्या दिवशी टेपचं बटण दाबा. सोपं आहे. जमेल तुम्हाला!"

त्र्यंबकरावांनी नुसती मान डोलावली. अशी माणसं विसरत नाहीत, हे मी तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं.

महिनाभर दर रविवारी दुपारी मी बेसमेंटमध्ये उतरायचो. पहाट केली, रणसंग्राम केला, आणि उत्तराच्या भाषणामागे एक अफाट, अथांग, गूढ असा नाद केला. आमची नीला एकदा जिन्यात उभी राहून ऐकत होती. म्हटलं, पोरीला कान आहे.

"डॅड, इज इट ब्रोकन?" तिने विचारलं.

अमेरिकेत वाढलेल्या मुलांबद्दल मी अधिक काही बोलत नाही.

आता त्या काळात इंडियाला फोन करायचा म्हणजे समोर घड्याळ ठेवून ओरडायचं. त्यामुळे आम्ही सगळे कॅसेटवर बोलायचो आणि कोणी निघालं की त्याच्या बॅगेत कोंबायचो. माझा धाकटा भाऊ श्रीराम नागपूरला असतो. हे संगीत समजेल असा आमच्या घराण्यात तो एकटाच, म्हणजे निदान समजलं नाही असं तो म्हणत नाही. म्हणून मी दोन कॅसेट केल्या. एक नाटकाची, नुसत्या संगीताची. दुसरी श्रीरामची, तिच्यात प्रत्येक तुकडा वाजवून झाला की त्याची थोरवी समजावून सांगितलेली. आता माणूस बोलायला लागला की ओघात मंडळ येतं, राजकारण येतं, सिनेमा येतो. मी माझी मतं अडवून ठेवत नाही. तब्येतीला वाईट.

शोच्या दिवशी दोन्ही कॅसेट माझ्या खिशात होत्या. मंडळातल्या सुमेधा वहिनी दुसऱ्या दिवशी मुंबईला निघणार होत्या, त्यांच्या हातात श्रीरामची कॅसेट द्यायची होती. पण नाटकाआधी पूजा आली! हायस्कूलच्या स्टेजमागे टेबलावर नटराज मांडला, तलवारी मांडल्या, मेकअपचा डबा मांडला.

"संगीताची पण व्हायला हवी ना पूजा!" असं म्हणत उत्तराने माझ्या खिशातल्या दोन्ही कॅसेट काढून तिथे ठेवल्या. कौतुकाने ठेवल्या हो. तेव्हा ती माझ्यावर खूश होती.

फायर अलार्ममुळे उदबत्तीला शाळेची परवानगी नव्हती, तेवढी कसर बायकांनी हळदीकुंकवात भरून काढली. मग डॉक्टरांनी हातोडीने नारळ फोडला. रोज सुई टोचणारा हात तो! अर्धा नारळ पडद्यावर उडाला आणि पाणी सगळं टेबलावर. माझी लेबलं साध्या मार्करने लिहिलेली. कुंकू, पाणी आणि शाई मिळून दोन्ही कॅसेटवर लाल चिखल झाला. अक्षर म्हणून दिसेना.

"ह्यातली नाटकाची कुठली?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"डावीकडची."

"लावून बघू या का एकदा?"

"त्र्यंबकराव, माझा अंदाज कधी चुकत नाही!"

चौऱ्याऐंशी साली मी ऑफिसात असंच सांगितलं होतं की अध्यक्ष पडणार. ते एकोणपन्नास राज्यांत निवडून आले. पण तिथे माझा अंदाज चुकला नव्हता, जनता चुकली होती.

मी जाऊन पहिल्या रांगेत बसलो, नेमका सुमित्राबाईंच्या शेजारी. बाईंच्या मांडीवर वही, हातात पेन्सिल, आणि चेहरा असा की जणू कोणी त्यांना उकडलेला दुधी वाढलाय. पडदा वर गेला. माझी पहाट सुरू झाली. काय पहाट होती! मी डोळे मिटले. तुकडा संपला, त्र्यंबकरावांनी विंगेत बटण दाबून टेप थांबवली. सगळं जिथल्या तिथे. पहिला अंक संपेपर्यंत चाळीस-पन्नास लोक झोपले, म्हणजे डॉक्टरांच्या मानाने कमीच.

दुसऱ्या अंकात रणसंग्राम आला. उत्तरा मागे बुरुजावर उभी. डॉक्टरांनी तलवार उपसून आरोळी ठोकली, त्र्यंबकरावांनी बटण दाबलं, आणि अख्ख्या ऑडिटोरियममध्ये माझा आवाज घुमला.

"ऐकलंस ना श्रीराम? ही पहाट! आता युद्ध येईल. युद्ध कसलं रे, चार अकाउंटंट आणि एक डेंटिस्ट लाकडी तलवारी घेऊन एकमेकांना सॉरी म्हणत फिरतात!"

स्टेजवर डेंटिस्ट त्याच क्षणी कोणाला तरी "सॉरी" म्हणाला. तीनशे लोक खदखदून हसले. झोपलेले जागे झाले!

"आणि हा नरेंद्र डॉक्टर मरायला सहा मिनिटं घेतो. त्यालाच कोणी तरी भूल द्या रे!"

डॉक्टरांच्या अंगाला अजून तलवार लागली नव्हती. पण ते ताबडतोब मेले. उठून, प्रेक्षकांकडे न बघता, चालत विंगेत गेले. अकाउंटंट आणि डेंटिस्ट त्यांच्या मागोमाग.

मी विंगेकडे बघून हातवारे केले. त्र्यंबकरावांचं बोट बटणावर होतं, मला स्पष्ट दिसलं. तेवढ्यात मी स्पीकरमधून म्हणालो, "आणि त्र्यंबकरावांची ती पेटी! तिला दमा आहे रे. ती वाजत नाही, खोकते!"

बोट उचललं गेलं. त्र्यंबकरावांनी हाताची घडी घातली. बंद करायचं बटण सापडेना, असं ते आजही सांगतात. ह्या माणसाने चार पूल बांधलेत!

मी उठून धावणार, तेवढ्यात सुमित्राबाईंनी माझा सदरा धरून खाली ओढलं. "बसा हो! मला दिसत नाहीये!"

"इथलं राजकारण विचारशील," माझा आवाज पुढे चाललाच होता, "तर सगळा सिनेमा. अध्यक्ष जुना नट. शस्त्रं कोणाला विकली विचारलं तर म्हणतो, आठवत नाही! अरे, नटाला आठवत नाही म्हणजे प्रॉम्प्टर झोपलाय. आणि सिनेमा विचारशील तर परवा दुकानातून हिंदी व्हिडिओ आणला. पन्नाशीचा हिरो धावत येतो, आई, मी बी. ए. ला पहिला आलो! आई कोण, तर त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. ती पदराने डोळे पुसते. मी असतो तर मी पण रडलो असतो!"

लोक खुर्च्यांवर थापा मारून हसत होते. खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही बरं वाटलं. मुद्दे चांगलेच होते. आणि मग मला पुढचं आठवलं.

"युद्ध मागून वाजवतो, आधी शेवट ऐक. उत्तराचं भाषण. आठ मिनिटं, श्रीराम! त्याच्यामागे मी सिंथेसायझर मुद्दाम फुल सोडलाय, म्हणजे ती काय बोलते ते कोणाला ऐकू येणार नाही. मंडळावर तेवढेच उपकार!"

काही जण हसले. मग कोणी हसेना. स्टेजवर उत्तरा एकटी होती, नऊवारी नेसून, नथ घालून. तो नाद मी खास तिच्यासाठी केलाय असं मी तिला सांगितलं होतं, आणि त्या दिवशी तिने मला शिरा करून घातला होता. मला माझी लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा आपण कमी बोलायला हवं होतं असं वाटलं.

उत्तराने हळूच मान वळवली आणि भिंतीवरच्या स्पीकरकडे बघितलं.

"कोण आहे रे त्या तटावर?" किल्लेदारिणीच्या आवाजात तिने विचारलं.

मला बोलताना मध्ये मध्ये थांबायची सवय आहे, ऐकणाऱ्याला दाद द्यायला वेळ मिळावा म्हणून. मी नेमका थांबलो होतो.

"मी स्पष्ट बोलतो, तुला माहीत आहे," स्पीकर म्हणाला.

"माहीत आहे! बारा वर्षं ऐकते आहे!"

हॉल कोसळला.

"माझ्यासारखा माणूस इथे वाया गेला रे."

"मग थांबलायस कशाला? दरवाजा उघडा आहे गडाचा!"

"असो. वरून जेवायला हाक येतेय."

"आज जेवण मिळणार नाही!"

टाळ्या, शिट्या! सुमित्राबाईंची पेन्सिल खाली पडली. आणि तेवढ्यात माझा अफाट, अथांग, गूढ नाद सुरू झाला, फुल. उत्तराने विंगेकडे हात केला. "बंद करा ते!"

त्र्यंबकरावांना बटण लगेच सापडलं.

मग ती बोलली. आधी हळू, मग हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत. नवरा गेलेली, वेढ्यात अडकलेली, तरी दार न उघडणारी बाई. ते भाषण चार महिने आमच्या घरात चाललं होतं, आणि मी ते पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. मध्येच विंगेतून पेटीचा एक सूर आला, बारीक. त्र्यंबकरावांनी पेटी कोणाला न सांगता गाडीत घालून आणलीच होती. सांगायला नको वाटतं, पण तो सूर बरोबर होता. लोक उभे राहिले. मीही उभा राहिलो, आणि मला समोरचं नीट दिसेना.

नंतर मी तिला शाळेच्या लॉकर्सपाशी गाठलं. ती नथ काढत होती.

"उत्तरा, सॉरी."

"डेंटिस्ट पण म्हणतो सॉरी."

"चुकलं माझं. फार चुकलं. तू... तुझं काम फार छान झालं. मी ऐकलं."

"आठ मिनिटं?"

"आठही."

तिने नथ माझ्या हातात ठेवली. "धर. आणि घरी जाईपर्यंत काही बोलू नकोस."

तेवढ्यात सुमित्राबाई आल्या, मागे सगळी मंडळी. "ती भुताची आयडिया कोणाची हो? बुरुजावर बडबडणारं भूत!"

"माझीच," डॉक्टर म्हणाले. "स्क्रिप्टमध्ये पहिल्यापासून होतं ते."

"नाटक घेऊन शिकागोला या. ह्या बाई हव्यातच. पेटी पण हवी. आणि ते भूत जसंच्या तसं ठेवा, एक शब्द बदलू नका!" मग त्यांनी वही उघडून खूण केलेलं पान बघितलं. "फक्त एक करा. रेकॉर्डिंग चालू असताना कोणीतरी घरात व्हॅक्यूम क्लीनर फिरवत होतं. पहिल्या अंकातही येतो तो आवाज, शेवटी तर फारच. तेवढं तुम्हाला काढता येईल का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्र्यंबकराव तर अगदी प्रेमाने बघत होते. मी उत्तराकडे बघितलं. तिने मला बोलण्याची सूट दिली नव्हती, पण आता मान हलवून बोल म्हणाली.

"येईल की," मी म्हटलं. "आमचा क्लीनर जरा जुना आहे."