शब्द अडकले की कार्ड

"तू फक्त बघत राहा! पाच मिनिटांत साहेबाला गुंडाळून खिशात घालतो!" सोफावाल्याने बायकोला ठणकावून सांगितलं. माणूस थापा मारत नव्हता. दुकानात नुसता पत्ता विचारायला आलेल्या म्हाताऱ्याच्या गळ्यात त्याने तीन माणसांचा सोफा मारला होता!

प्रकरण होतं लेकीचं. पोर हुशार, पण वर्गात गोंगाट झाला की तिचे शब्द घशातच अडकायचे. मग शेजारी बसणाऱ्या मदतनीस ताईला ती चित्राचं कार्ड वर करून दाखवायची, की गाडी रुळावर! आता शिक्षण खात्याने सुधारणा काढली होती. एक ताई, पाच शाळा! त्यावर पालकांचं म्हणणं ऐकायला खात्याचे साहेब आज शाळेच्या हॉलमध्ये आले होते.

सोफावाल्याच्या हातात माईक आला. त्याने गच्च भरलेला हॉल बघितला, तोंड उघडलं आणि... फुस्स! घशात जणू कुणी उशी कोंबलेली!

"अहो, बोला ना!" बायको खालून कुजबुजली.

शेजारी उभ्या लेकीने झटकन गळ्यातली कार्डं काढून बाबाच्या हातात दिली. ताईने शिकवलंच होतं तसं! त्याने न बघताच एक वर केलं. 'मला शूला जायचंय.'

"डावीकडे, शेवटचं दार," साहेब म्हणाले.

आता नाही म्हणायलासुद्धा शब्द हवेत ना! तो मुकाट चालू लागला. मागच्या रांगेतल्या एका आजोबांना वाटलं, निषेध सुरू झाला.

"उठा रे! सभात्याग!"

अख्खा हॉल त्याच्यामागे निघाला आणि संडासाच्या दारात तुंबला.

"आता पुढे काय करायचं?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"आधी नेत्याला मोकळं तर होऊ द्या!" आजोबा गरजले.

साहेबांना घाम फुटला. "परत या हो! मी नीट समजावतो! तर, बहुस्तरीय समन्वयित हस्तक्षेपांतर्गत..."

हॉलमध्ये परतलेल्या सोफावाल्याने दुसरं कार्ड वर केलं. 'कळलं नाही, परत सांगा.' टाळ्यांचा कडकडाट! साहेबांनी परत सांगितलं. कार्ड परत वर! शेवटी साहेब रडकुंडीला आले. "खरं सांगू? मलाही नाही कळलेलं!"

पालकांमध्येच बसलेल्या ताईला राहवेना. ती उठून साहेबांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या कागदावरची एकेक ओळ बोट ठेवून सोडवून सांगू लागली. हळूहळू साहेबांचा चेहरा उजळला.

"अय्यो! ही सुधारणा तर अगदीच भिकार आहे! रद्द!"

लोकांनी सोफावाल्याला खांद्यावर घेतलं.

"आणि या ताई," साहेब म्हणाले, "उद्यापासून आमच्या ऑफिसात! तिथे गरज फार मोठी आहे हो!"

हॉल चिडीचूप. त्या शांततेत लेक खणखणीत बोलली, "बाबा, मग माझ्याशेजारी तू बस!"

नवी ताई मिळेपर्यंत सोफावाला आता चिमुकल्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसतो. म्हणजे, आत असला की बसतो. कालच बाईंनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं. फार बडबड करतो म्हणून!