बाबांकडे धावण्याची तालीम

ठमी बाबांकडे जात नसे. आईकडे जायची, आजीकडे जायची, एवढंच काय, दारात पार्सल घेऊन येणाऱ्या अनोळखी माणसाकडेही झेपावायची. बाबांनी हात पुढे केले की मात्र असा हंबरडा फोडायची, जणू तिला कुणी पळवूनच नेतंय. बाबांचं काम लिफ्टदुरुस्तीचं. कुठे कोण अडकलं की हे निघाले. त्यामुळे पोरीच्या लेखी ते अधूनमधून घरी येणारे एक दाढीवाले पाहुणे होते. चारचौघांत ते हसण्यावारी न्यायचे, पण मनाला फार लागायचं त्यांच्या.

अशात लहान मुलांच्या नात्यांवर संशोधन करणाऱ्या एका बाईंनी या कुटुंबाला बोलावलं. "पालक म्हणजे आमचे भागीदार," बाई म्हणाल्या. "काय तपासायचं, ते तुम्हीच सुचवा."

बाबांना नको तिथे हुरूप आला. "आईबाप दोघं एकदम खोलीत शिरतील. मूल कुणाकडे धावतं ते बघा!"

"अरे, कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोस?" आई कुजबुजली. पण बाईंना कल्पना पसंत पडली आणि पुढचा रविवार ठरला.

बाबांनी रजा टाकली आणि गुपचूप तालीम सुरू केली. आई आंघोळीला गेली रे गेली, की जाकिटाच्या खिशात बिस्किट ठेवून दाराबाहेर जायचं नि आत यायचं. ठमी आधी रडली, मग थबकली, आणि आठवडा सरेपर्यंत धावत येऊन थेट खिशात हात घालू लागली. बाबांना आकाश ठेंगणं झालं.

रविवारी ठमी खोलीत ठोकळे रचत बसली होती. बाई काचेमागे. दाराबाहेर बाबांना दरदरून घाम फुटलेला.

"काढ ते जाकीट," आई म्हणाली.

"नको, राहू दे."

"राहू दे काय? अवतार बघ!" तिने जाकीट ओढून काढलं आणि स्वतःच्या हातावर टाकलं. तेवढ्यात दार उघडलं.

ठमी सुसाट निघाली. बाबांनी गुडघे टेकून हात पसरले. ठमी त्यांना वळसा घालून गेली, आईच्या हातावरच्या जाकिटाला लोंबकळली आणि बिस्किट काढून तिथेच फतकल मारून खाऊ लागली.

बाई धावत आल्या. "जाकिटाशी इतकं घट्ट नातं मी आजवर पाहिलं नाही!"

बाबांनी सगळं कबूल केलं.

"लाच? पोटच्या पोरीला?" आईला हसू आवरेना. मग तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू ओसरलं.

"मग काय करू? तू असलीस की मी तिला दिसतच नाही गं."

"असू दे. आजचं बाद धरू," बाई म्हणाल्या. "पुढचं कुटुंब बाहेर थांबलंय."

बिस्किट संपवून ठमी बाबांकडे आली. शर्टाचा खिसा चाचपला, पँटचे चाचपले. काही नाही.

"संपलं गं राणी," म्हणत बाबा खाली बसले आणि हंबरड्याची वाट पाहू लागले. ठमीने थोडा विचार केला. मग एक ठोकळा उचलला, त्यांच्या मांडीत, पोटाला पाठ टेकून बसली आणि तो त्यांच्या गुडघ्यावर ठेवून पाहू लागली.

"याचीही तालीम झाली होती का?" बाईंनी हळूच विचारलं.

"शूऽऽ! उठेल ना ती!"

बाबांच्या पायाला मुंग्या आल्या. दारावर टकटक झाली.

"चल रे, लोक खोळंबलेत," आई म्हणाली.

बाबांचे डोळे भरले होते, पण दोन्ही हात ठमीभोवती, पुसणार कसे? "त्यांना थांबा म्हणावं," ते म्हणाले. "भागीदार म्हणून माझं स्पष्ट मत आहे, प्रयोग अजून चालू आहे."