जानरावांचा पहिला मजकूर

“कंप्युटर काय सांगते मले! एसटीत कंट्रोलर असताना एका टायमाले चाळीस गाड्या सांभाळल्या मी!” असं नातीला सुनावून जानराव एका बोटानं टाइप करायला बसले.

लग्नाला पन्नास वर्षं होत होती. रविवारी दुपारी अमरावतीच्या घरी पाहुणे जमणार आणि जानरावांनी लिहिलेली संसाराची हकिकत वाचली जाणार, असा बेत होता. नात दीक्षा प्रोग्रामर. तिनं स्वतःच्या कामातलाच मजकूर लिहायचा एडिटर त्यांना उघडून दिला.

“आबा, दर वेळी सेव्ह केलेलं सगळं यात राहते. हे बटण दाबलं की मागचा मजकूर, हे दाबलं की पुढचा. खोडलेलं काहीच जात नाही.”

पंधरा दिवसांत जानरावांनी एकवीस वेळा सेव्ह केलं. दर वेळी काहीतरी खोडलं. शेवटी लग्नाबद्दल एकच ओळ उरली: ‘योग्य स्थळ पाहून विवाह पार पडला.’ बदलीच्या ऑर्डरसारखी!

रविवारी सकाळी छापायला बसले आणि सहज मागचं बटण दाबलं. विसावा मजकूर, एकोणिसावा, अठरावा... जसजसे मागे गेले तसतशी माणसं परत यायला लागली. खोडलेले सासरे आले, विकलेली सायकल आली आणि अगदी पहिल्या मजकुरात तर हिवरखेडचं ते चैत्रातलं ऊनच आलं! जानरावांचे डोळे भरून आले.

“अहो, आंघोळ कवा करता? पाहुणे येऊन राहिले!” केशरबाई ओरडल्या.

दचकून त्यांनी समोर होतं तेच छापलं आणि न्हाणीत पळाले.

वाचायला माईकवर शेजारचा गजेंद्र. आवाज असा, की बडनेऱ्याला गाडी थांबावी!

“‘मी हिवरखेडले गेलो होतो, सत्यवतीले पाहाले!’”

जानरावांच्या हातातला आलूबोंडा खाली पडला. सत्यवती म्हणजे केशरबाईंची चुलत बहीण, आणि ती पहिल्याच रांगेत! जानरावांनी थांब म्हणून हात हलवला. मागच्यांना ऐकू जात नाही असं वाटून गजेंद्रनं आवाज आणखी चढवला.

“‘आडावर एका पोरीले घर विचारलं. तिनं बोट दाखवलं तिथं शिरलो. त्या घरीही लग्नाची पोरगी होती. त्यायले वाटलं, स्थळ चालून आलं! पोहे खाल्ल्यावर समजलं का घर चुकलं. उठणार, तं केशर चहा घेऊन आली. मग मी उठलोच नाही.’”

सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या.

“म्हणजे त्या दिवशी मी दिवे लागेपर्यंत नवं लुगडं नेसून बसली होती, ते तुमच्यासाठी?” सत्यवती कडाडली.

जानराव केशरबाईंकडे वळले. “चूक झाली. पन्नास वर्षं तुले सांगाची हिंमतच नाही झाली.”

केशरबाईंनी शांतपणे विचारलं, “आडावरच्या पोरीचं तोंड पायलं होतं?”

“नाही. उन्हानं पदर ओढला होता तिनं.”

“ते मीच होती. पाहुणा बरा दिसला, देल्लं आपलंच घर दाखवून!”

हशा असा उसळला की सत्यवतीलाही राग धरता येईना.

“मंग इतकी वर्षं सांगतलं काहून नाही?” जानरावांनी विचारलं.

“तुमी विचारलं कवा?”

जानराव केशरबाईंकडे बघतच राहिले. आडावरचं ते बोट, तो चहाचा कप...

“‘माही दुसरी चूक,’” गजेंद्रनं पान उलटलं, “‘धामणगावले झाली!’”

पंच्याहत्तरीतले जानराव तिरासारखे माईककडे धावले.