अनशापोटी नाना

काल तुम्ही काय जेवलात हे एक वेळ बायकोपासून लपवता येईल, पण देविदास नानांपासून? नावच काढू नका. दंडातून रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, वर आलेलं पाणी काचनळीत घेऊन खिडकीकडे धरायचं आणि एक डोळा मिटून म्हणायचं, "वरणबट्टी. वर वाटीभर तूप. खरं सांग भो, आग्रह कोणी केला?" माणूस गारद!

धुळ्याला आमच्या गल्लीत नानांची रक्त तपासायची खोली होती. मी शेजारी, पेशाने मास्तर. नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. रिकाम्या पोटीच्या रक्तातलं पाणी पिवळसर, नितळ दिसतं आणि तुपातेलावर ताव मारून आलेल्याचं दुधाळ, हे मला नानांनीच शिकवलं. दुधाळ निघालं की ते नळी बाकावरच्या सगळ्यांना दाखवत. "पहा, बठ्ठं तूप शे!" म्हणजे सगळं तूपच आहे. आमचे हेडमास्तर पथ्यावर आहेत असं गावभर सांगत फिरायचे. त्यांची नळी ताकासारखी निघाली आणि पुढे महिनाभर ते आमच्या गल्लीतून गेले नाहीत.

दारावर पाटी होती : 'अनशापोटी या. चहा हेही अन्नच.'

नानांचं आवडतं कीर्तन मात्र वेगळं. हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी असली आणि कुणी पोराच्या ताटात तेलाची धार धरली की नाना सुरू! "मेंदूखाली हरभऱ्याएवढी ग्रंथी शे. पोरं उंच होतात ती तिच्या रसावर. रक्तात चरबी फिरू लागली की ती हात आखडता घेते. सोडतच नाही रस!" आया वैतागायच्या. पोरांच्या हाडाला तूप लागतं हे त्या सात पिढ्या ऐकत आलेल्या. खरं सांगतो, मीही हसायचो.

मग आमच्या मंजूची वेळ आली. माझी लेक, दहा वर्षांची, दिसायची सातची. प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिली. डॉक्टर म्हणाले, नाशिकला नेऊन त्या ग्रंथीची तपासणी करा. रस कमी निघाला तर कैक वर्षं इंजेक्शनं. घरात कुणाला घास गोड लागेना.

नाना न बोलावता आले. "मी येतो. पोरीच्या पोटात काही जाता कामा नये. चरबी असली रक्तात, तर चांगली ग्रंथीही नापास ठरते."

पहाटेची एसटी. नानांनी मंजूला खिडकीशी बसवलं आणि स्वतः पहारेकऱ्यासारखे शेजारी बसले. मालेगावच्या स्टँडवर माझी थोरली बहीण अक्का हजर! हातात डबा, डब्यात लोण्याच्या गोळ्यासकट भाकरी.

"लेकरू उपाशी नेता? काळीज शे का दगड?" अक्का खिडकीतून ओरडली.

नानांनी डबा घेतला, मांडीवर ठेवला, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि नाशिकपर्यंत हलले नाहीत. मंजूने तीनदा विचारलं, "नाना, फक्त एक घास?" तिसऱ्यांदा नानांनी तोंड फिरवलं. मला राग आला. आपल्या पोरीचं तोंड सुकलेलं बघवत नाही हो! बोलणार होतो, पण पाहिलं तर म्हातारा स्वतःही कोरडा बसलेला, पाण्याचा घोटसुद्धा घेत नव्हता.

नाशिकला औषध पाजून दर अर्ध्या तासाने रक्त घेतलं. नानांनी तिथल्या माणसाच्या हातापाया पडून एक नळी मागून घेतली, उजेडात धरली.

"नितळ शे, मास्तर," म्हणाले आणि उपरण्याने डोळे पुसले. निकाल पंधरा दिवसांनी आला, तोही चांगला. पोर फक्त उशिरा वाढणारी होती.

त्या दिवशी तपासणी संपल्यावर नानांनी पिशवीतून दुसराच डबा काढला. डिंकाचे लाडू, चांगले तुपात थबथबलेले! मंजूला दोन दिले, एक स्वतः घेतला.

परतीच्या गाडीत मंजू झोपल्यावर मी म्हटलं, "नाना, तुम्ही आणि लाडू?"

"बेबीसाठी केले होते असेच." बेबी म्हणजे त्यांची मुलगी, शिरपूरला दिलेली. "तीही एवढीच होती. याच तपासणीसाठी मुंबईला नेली. कसाऱ्याजवळ रडायला लागली. 'नाना, माले भूक लागनी.' मी रक्त तपासणारा माणूस, मास्तर! तरी दिला लाडू. तिने तीन खाल्ले. डॉक्टरांनी विचारलं, काही खाल्लं का? मी नाही म्हणालो."

"मग?"

"रस कमी निघाला. ग्रंथी बिघडली म्हणाले. गावभर झालं. पोरीने शाळा सोडली, लोकांसमोर येईना. दोन वर्षांनी पुन्हा तपासलं तर सगळं ठीक. पण तिच्या मनातून गेलं नाही. अजून म्हणते, माझ्यातच खोट आहे. खोट लाडवात होती. अन् माझ्या जिभेत."

"तिला माहीत आहे?"

नानांनी नकारार्थी मान हलवली. "जावई बोलावतो. मीच जात नाही. तिच्यासमोर बसवत नाही मला."

त्या माणसाला मी इतकी वर्षं हसलो होतो.

धुळ्याच्या स्टँडवर आम्ही उतरलो. नाना जागेवरच.

"नाना, धुळं आलं!"

"उतरा तुम्ही. ही गाडी शिरपूरला जाते. तिकीट काढलंय." डबा त्यांनी छातीशी धरला होता. "पाच लाडू उरलेत."

कंडक्टरने घंटी वाजवली. नाना खिडकीतून वाकून म्हणाले, "आधी बेबीला खरं सांगीन, मग लाडू देईन. या खेपेला क्रम चुकायला नको."